दुखण्याचे शब्द इंग्रजीतून शिकवू नका

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात जो लेख आला, त्यातल्या चौकटीबद्दल हे पत्र आहे. रुग्णांशी बोलताना उपयोगी पडणारे शब्द तिथे दिले होते. डावीकडे तिथला शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. स्पर्श आणि संवेदना या मथळ्याखाली बारा-पंधरा शब्द होते. ‘हिकाप’ म्हणजे टच किंवा फील. ‘बाती’ म्हणजे फील. ‘हाप्दोस’ म्हणजे स्टिंग. ‘बुगनाव’ म्हणजे कोल्ड आणि ‘तुगनाव’ म्हणजेही कोल्ड. ‘साकित’ म्हणजे पेन आणि ‘ङुतङोत’ म्हणजेही पेन.

माझे शिक्षण दावाओ शहरात झाले. शेवटची दोन वर्षे मी तिथल्या एका सरकारी रुग्णालयात रात्रंदिवस ड्यूटी केली. चौकट तयार करणाऱ्याने मनापासून मेहनत घेतली आहे आणि कोशात पाहिले तर त्यातला एकही अर्थ चूक ठरणार नाही. तरीही ती कापून खिशात घालून कोणी वॉर्डात उभे राहू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. मी नेमकी अशीच एक यादी खिशात घालून उभी राहिले होते.

आधी एक दुरुस्ती. चौकटीवर ‘फिलिपिनो भाषा’ असे छापले आहे. फिलिपिनो ही त्या देशाची राष्ट्रभाषा, तिचा पाया तागालोग, म्हणजे मनिला आणि आसपासच्या मुलखातली भाषा. चौकटीतले शब्द सेबुआनोचे आहेत. सेबू, बोहोल, नेग्रोस बेटाचा पूर्व भाग आणि मिंदानाओचा मोठा प्रदेश मिळून सुमारे दोन कोटी माणसे ती बोलतात आणि बोलणारे तिला साधेपणाने ‘बिसाया’ म्हणतात. दावाओ मिंदानाओत आहे. विसाव्या शतकात सेबू-बोहोलसारख्या विसाया बेटांवरून लोक जमिनीसाठी, कामासाठी तिकडे जात राहिले आणि त्यांच्याबरोबर ही बोली गेली. हा फरक वॉर्डात पहिल्याच दिवशी कळतो. अंगाला खाज सुटली तर मनिलात ‘काती’ म्हणतील, दावाओत ‘कातोल’. आपल्या मुलांपैकी बरीच दावाओलाच जातात, त्यामुळे शब्द योग्य निवडले गेले आहेत, फक्त नाव बदलायला हवे.

आता मुद्द्यावर येते.

माझ्या पहिल्या आठवड्यात बांकेरोहान बाजारात मासे विकणाऱ्या एक बाई आल्या. वय साठीच्या पुढे. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी डाव्या मुठीत धरून ठेवली होती, लहान मूल पेन्सिल धरते तशी. म्हणाल्या, ‘‘ङुतङोत, डॉक.’’ मी यादी आठवली आणि केसपेपरवर ‘पेन, बोट’ असे लिहिले. माझ्या वरच्या निवासी डॉक्टर बाईंनी ते वाचले आणि विचारले, ‘‘कसलं पेन?’’ मला सांगता येईना. तेव्हा त्या कोळणीने दुसऱ्या हाताने माझे मनगट धरले आणि दाबले, सोडले, दाबले, सोडले. नाडीच्या ठेक्यात. मला एकदम आईचा आवाज ऐकू आला, ‘‘ठसठसतंय का गं?’’ ठसठसणे! आतून, ठोक्याठोक्याला, झोप लागू न देणारे. माशाचा काटा रुतून तीन दिवस झाले होते आणि बोटाच्या पेरात पू धरला होता. आपल्याकडे नखुरडे झालेल्या माणसाला विचारले तर तो हाच शब्द वापरेल. ‘ठसठसतंय’ म्हटले की आत पू असेल ही शंका ज्याच्या त्याच्या मनात येते, डॉक्टर असो की आजी. ‘पेन’ म्हटल्याने ती येत नाही. ‘ङुतङोत’ने ती तिथल्या प्रत्येकाच्या मनात येते.

या शब्दाच्या उच्चाराबद्दल जाता जाता. आपण सगळे लहानपणी ‘क ख ग घ ङ’ घोकतो, आणि नंतर जन्मभर तो शेवटचा ङ ‘वाङ्मय’सारख्या एखाद्या शब्दातच भेटतो. ङ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. बिसायात ते ढिगाने आहेत. दात म्हणजे ‘ङिपोन’, नाव म्हणजे ‘ङालान’. इंग्रजी लिपीत ते ‘एन-जी’ असे लिहितात आणि वाचणारा ‘न्गुतन्गोत’ म्हणून अडखळतो. आपल्याकडे त्यासाठी अक्षर तयार आहे. चौकटीत तो शब्द ङ ने छापलात, हे मला फार आवडले.

‘हाप्दोस’ची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे, पण सांगायला हवी. पोट धरून आलेल्या एका ट्रायसिकलचालकाने ‘हाप्दोस’ म्हटले. माझ्या यादीत ‘स्टिंग’ होते. मी मोडक्या बिसायात विचारले की काही चावले का, मधमाशी, कीटक? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘ओओ, डॉक.’’ हो म्हणाला! तिथला गरीब रुग्ण पांढरा कोट घातलेल्या माणसाला ‘तुम्ही चुकताय’ असे तोंडावर म्हणत नाही. डॉक्टरने विचारले म्हणजे असेल काहीतरी, अशा आदराने तो मान डोलावतो. पुढची दहा मिनिटे मी त्याच्या पोटावर डंखाची खूण शोधत होते. उपाशीपोटी होणारी जळजळ होती ती. जखमेवर स्पिरिट लागल्यावर जे होते तेही ‘हाप्दोस’, आणि आम्लाने पोटात जे होते तेही ‘हाप्दोस’. मराठीत आपण पहिल्याला झोंबणे, चुरचुरणे म्हणू आणि दुसऱ्याला जळजळणे. एकच मराठी शब्द पुरत नाही, हे खरे. पण ‘झोंबणे, चुरचुरणे, जळजळणे’ हे तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले असते तर माझ्या मनात मधमाशी आली नसती.

ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसले, तो मात्र थंडीचा आहे.

पावसाळ्यात तिथल्या बालरुग्ण विभागात डेंग्यूची मुले एका खाटेवर दोन-दोन असायची. प्रत्येकाजवळ घरचे एक माणूस, त्याला ‘बान्ताय’ म्हणतात, राखण करणारा. नर्सपेक्षा बान्ताय रुग्णाजवळ जास्त वेळ असतो. सहा वर्षांचा एक मुलगा, तापाचा पाचवा दिवस, बान्ताय म्हणून त्याची आजी. त्या सकाळी ताप उतरला होता. तक्त्यावर रेघ खाली आलेली पाहून मला बरे वाटले. आजी म्हणाली, ‘‘बुगनाव, डॉक. बुगनाव ना.’’ कोल्ड. मी मान हलवली, फाइलमध्ये इंग्रजीत ‘फील्स कोल्ड’ असे लिहिले, ताप उतरताना थंडी वाजणारच असे मनाशी म्हटले, नर्सला पांघरूण द्यायला सांगितले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दोन खाटा पुढे गेले असेन. आजी मागून आली. मला ‘डॉक’ नाही म्हणाली, ‘‘दाय,’’ म्हणाली. म्हणजे मुली, पोरी. माझा हात धरून मला परत नेले, पांघरुणाच्या आत घातला आणि नातवाच्या पावलावर ठेवला. ‘‘हिकापा.’’ हात लावून बघ.

पाऊल गार होते. ओलसर, गार. मुलगा कुडकुडत नव्हता, अंगावर काटा नव्हता. त्याला थंडी वाजतच नव्हती. मी अंगठ्याचे नख दाबून सोडले. ते पांढरे पडले आणि पांढरेच राहिले. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा, मी चारपर्यंत मोजले. मनगटाची नाडी सुतासारखी लागत होती. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि हातपाय गार पडायला लागतात. तक्त्यावर सुधारणा दिसते आणि मूल शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याकडे, चाललेले असते. वरिष्ठ डॉक्टर धावत आल्या, सलाइन जोरात सुरू झाले, ती रात्र आम्ही त्या खाटेजवळ काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ‘लुगाव’ मागितले. लुगाव म्हणजे तांदळाची पातळ पेज.

नंतर वरिष्ठांनी माझी फाइल समोर धरली. ‘‘फील्स कोल्ड. कोणाला? त्याला की तुला?’’ इंग्रजी वाक्यात याचे उत्तर नव्हते. आजीच्या शब्दात होते. बिसायात ‘तुगनाव’ ही माणसाला वाजणारी थंडी. ‘गितुगनाव को’ म्हणजे मला थंडी वाजते. ‘बुगनाव’ हा हाताला लागणारा गारपणा, पाण्याचा, भाताचा, पावलाचा. आजी सांगत होती की नातवाचे पाय गार पडलेत. मराठीत कोणी ‘हातपाय गार पडलेत’ म्हणाले असते तर मी पांघरूण मागवले नसते, धावले असते. ‘थंडी वाजतेय’ आणि ‘गार पडलाय’ यांत मराठी माणसाची कधी गल्लत होत नाही. हा फरक माझ्या मायबोलीत जन्मापासून होता. मध्ये ‘कोल्ड’ आला आणि मी तो विसरले.

चौकटीत ‘बुगनाव’ आणि ‘तुगनाव’ एकाखाली एक, समोर दोन वेळा ‘कोल्ड’, हे पाहिल्यावर मला तो अंगठा आठवला. रात्री झोप लागली नाही.

‘बाती’बद्दल थोडे विस्ताराने लिहायलाच हवे, कारण ‘फील’ या एका शब्दाने सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. ‘हिकाप’ आणि ‘बाती’ दोन्हींसमोर ‘फील’ छापले आहे. पण हिकाप हाताचे काम आहे. हात लावून पाहणे, चाचपणे. ‘हिकापोन नाको, हा?’ म्हणजे मी हात लावून बघते हं. प्रत्येक तपासणीआधी हे म्हणावे, मूलसुद्धा रडायचे थांबते. ‘बाती’ म्हणजे आतून जाणवणे. ‘उन्साय इमोङ गिबाती?’ म्हणजे तुम्हाला काय होतंय? इथपर्यंत यादीने मला साथ दिली.

मग प्रसूतिकक्षाच्या दारात एक आई आली. ‘‘नागबाती ना आकोङ आनाक!’’ आनाक म्हणजे लेक. माझ्या लेकीला काहीतरी जाणवतंय, असा अर्थ मी लावला आणि शांतपणे विचारले, काय जाणवतंय? ती माझ्याकडे बघतच राहिली. नर्सने मला बाजूला सारले आणि स्ट्रेचर ओढले. ‘नागबाती’ म्हणजे कळा सुरू झाल्या आहेत. वीस मिनिटांत बाळ बाहेर आले.

त्या रात्री मी डायरीत लिहून ठेवले की हे परके नाही, हे आपलेच आहे. संस्कृत ‘वेदना’चे मूळ ‘विद्’, जाणणे. वेदना म्हणजे मुळात जाणीव. पुढे ती दुखण्याची जाणीव झाली, आणि मराठीत झिजून झाली ‘वेणा’, बाळंतपणाच्या कळा. जाणवण्यातले सगळ्यात मोठे जाणवणे म्हणून दोन्ही भाषांनी तेच निवडले. एवढ्या लांबच्या दोन भाषा, एकमेकींशी कसलेही नाते नसलेल्या! शिवाय ‘बाती’तूनच ‘बालातिआन’ हा शब्द होतो, आणि त्याचा अर्थ भावना असाही आहे आणि आजार असाही. ‘फील’ वाचून यातले काहीच हाती लागत नाही. ‘वेणा’ माहीत असलेल्या मराठी मुलीला एकदा सांगितले की पुरते.

उच्चारातला आघात चुकला तर ‘बाती’चा अर्थ कुरूप, वाईट असाही होतो. तेव्हा हे शब्द कागदावरून नव्हे, कानाने शिकावेत.

कानावरून आठवले. तब्येत विचारताना वॉर्डात सर्रास म्हणतात, ‘‘कुमुस्ता इमोङ पामिनाव?’’ ‘पामिनाव’ म्हणजे ऐकणे, कान देणे. बरे वाटायला लागलेला रुग्ण म्हणतो, माझे ‘पामिनाव’ आता चांगले आहे. माणूस स्वतःच्या शरीराला कान देऊन बसलेला आहे, असे ते चित्र. चौकटीत हा शब्द नाही. तो अग्रक्रमाने असायला हवा होता, कारण ‘हाउ डू यू फील’ला तिथला रुग्ण दिवसातून दहा वेळा हाच शब्द वापरतो.

‘हिलाबोत’समोरही ‘टच’ आहे. ते ‘हात लावणे’ कमी आणि ‘हात घालणे’ जास्त. नको तिथे ढवळाढवळ करणे, छेडणे. एका लहानग्याच्या मानेवरच्या गाठीला मी न विचारता बोट लावले तेव्हा त्याची आई म्हणाली, ‘‘आयाव हिलाब्ती.’’ ‘हात लावू नका’ म्हणायचे असते तर ती ‘आयाव हिकापा’ म्हणाली असती. तिने मला माझी जागा दाखवली होती, आणि ते बरोबरच होते.

बाकीच्या शब्दांचे फार अडत नाही. ‘बिनहोद’ म्हणजे पायाला मुंग्या येणे, बधिर होणे. ‘गिलोक’ म्हणजे गुदगुल्या. ‘लाबाद’ डोकेदुखीसाठी. ‘हाप्लास’ म्हणजे तेल किंवा मलम चोळणे, आणि चोळायच्या औषधालाही तेच नाव. ‘पिसलित’ म्हणजे बोटाने दाबणे. हे इंग्रजीतून शिकले तरी नुकसान नाही.

परक्या माणसांनी सेबूत उतरून शब्दांच्या याद्या करण्याची रीत पाचशे वर्षे जुनी आहे. 1521 मध्ये मॅगेलनच्या ताफ्याबरोबर आलेल्या आंतोनिओ पिगाफेत्ता याने तिथले दीडशेच्या वर शब्द टिपून घेतले, त्यात शरीराच्या अवयवांची नावे पुष्कळ आहेत. याद्या वाईट नसतात. कॉर्नेल विद्यापीठाने 1972 मध्ये प्रसिद्ध केलेला जॉन वोल्फ यांचा सेबुआनो–इंग्रजी कोशही शेवटी यादीच आहे, पण त्यात शब्दापुढे वाक्ये दिली आहेत, कोण कोणाला कधी काय म्हणते ते कळते. ड्यूटी संपवून मी तो उघडून बसायची आणि एकेका वाक्याशेजारी पेन्सिलीने डायरीत मराठी क्रियापद लिहायची. तीच माझी खरी यादी झाली.

परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2021 च्या नियमांत इंग्रजी माध्यमाची अट आहे, आणि ती योग्यच आहे. पुस्तके, परीक्षा, फाइल सगळे इंग्रजीत. त्यामुळे आपल्या मुलांना वाटते की मधला पूल इंग्रजीचाच असणार. पण रुग्णाला पुस्तक वाचून दुखत नाही. कोळीण, ट्रायसिकलवाला, आजी यांच्या तोंडात शाळेचे इंग्रजी असले तरी दुखताना ते येत नाही. मला इंजेक्शन टोचले तर मीही ‘आई गं’च म्हणते. ते ‘आगाय!’ म्हणतात.

म्हणून माझी विनंती आहे की ती चौकट पुन्हा छापावी आणि उजवीकडचा रकाना मराठी करावा. आमच्या वरिष्ठांनी त्या प्रसंगानंतर मला एक सवय लावली होती, तीही जाणाऱ्यांना सांगावी. रुग्ण जो शब्द बोलला तो आधी अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहायचा, इंग्रजी त्याच्यानंतर. चुकलात तर दुसऱ्या कोणाला मूळ शब्द दिसतो आणि चूक पकडता येते.

माझ्या डायरीवरून मराठी रकाना भरून सोबत पाठवत आहे. एकोणीस शब्द आहेत. ‘मिङाव’ या शब्दासमोर चौकटीत ‘लोनली’ होते, तिथे मी ‘सुनंसुनं’ लिहिले आहे. मुले शाळेत गेल्यावर घर ‘मिङाव’ असते, आणि माणूस दूर गेला की मनही ‘मिङाव’ होते. मराठीत दोन्हीकडे हाच एक शब्द चालतो. जागेअभावी यादी कापावी लागली तर बाकी काहीही कापा, ‘बुगनाव’, ‘तुगनाव’ आणि ‘नागबाती’ तेवढे ठेवा.

आपली,
एक वाचक डॉक्टर
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)